सातची मोटार

परशराम गेल्याची बातमी निपाणीला आणली ती त्याच्याच मोटारीनं, आणि तीही उशिरा आली. बेळगावहून सकाळी सातला सुटलेली आमची गाडी साडेदहाच्या सुमारास स्टँडवर लागायची. त्या दिवशी बारा वाजून गेले तरी तिचा पत्ता नव्हता. पाऊस लागून राहिला होता. कुठेतरी ओढ्याला पाणी आलं असेल, असं मी ताटकळलेल्या लोकांना सांगत होतो आणि मनातल्या मनात परशरामला शिव्या घालत होतो. त्याला चार दिवस ताप होता हे मला माहीत होतं. तो अंथरुणावर असला की गाडीचं असं होणार, हेही माहीत होतं, आणि नेमक्या त्याच गोष्टीवरून आमचं भांडण झालं होतं. एकच्या सुमारास गाडी आली. आमचा दुसरा ड्रायव्हर दुंडाप्पा खाली उतरला आणि बॉनेटवर हात ठेवून नुसता उभा राहिला. मी चारचौघांत त्याच्यावर ओरडलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आप्पा, परसूअण्णा पहाटेला गेले." मी विचारलं, "मग गाडी कशाला आणलीस?" तर म्हणाला, "त्येनीच सांगितल्यालं. काय बी झालं तर गाडी सोड, लोकं येऊन बसल्याली असत्यात... मीच दोन तास त्येंच्या पायाशी बसलो. उशीर माझा हाय, त्येंचा न्हाय."

खरं सांगायचं तर तेव्हा मला रडू आलं नाही. राग आला. आज दीड महिना झाला, वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर चार ओळी लिहा असा निरोप आला म्हणून कागद घेऊन बसलो, तर तो राग अजून तसाच आहे. चौदा वर्षांचा भागीदार गेल्यावर माणसानं काय लिहावं हे मला कळतं. पण जे कळतं ते लेखणीतून उतरत नाही.

त्यात शोकसभेनं भर घातली. निपाणीच्या बाजारपेठेतली झाडून सारी मोठी माणसं आली होती. परशराम म्हणजे वेळेचा पक्का, परशराम म्हणजे सचोटी, तरुणांनी धंदा करावा तर असा... एकामागून एक उठून बोलत होते आणि मी ओठ चावत बसलो होतो. त्यातल्या एका गृहस्थानं एकदा सुटलेल्या गाडीच्या मागं धावून पायातली चप्पल फेकून मारली होती. ती चप्पल टपावर पडली आणि बेळगावपर्यंत गेली. परशरामनं दुसऱ्या दिवशी ती कागदात गुंडाळून त्यांच्या घरी पोचती केली, त्याबद्दल त्यांनी त्याला पुन्हा शिव्या दिल्या. दुसरे एक जण गेली दहा वर्षं आमच्या गाडीत चढले नव्हते. जिवंत असताना ज्याला हेकट, माजोरी, 'रेल्वेतलं खूळ' म्हणत होते, त्याच्या वागण्याला आता सवयी म्हणायला लागले, तेही चांगल्या सवयी. त्या सवयींबरोबर रोज सकाळी सहा वाजता कुणाला उभं राहावं लागत होतं, हे त्या सभेत फक्त मला माहीत होतं.

आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या तंबाखूची वखार. निपाणीत जन्मून तंबाखूशिवाय दुसरं काही करावं हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात येत नसे. पण मला त्या धुळीनं खोकल्याची उबळ यायची. वखारीत तासभर बसलो की डोळे लाल. म्हणून युद्धाच्या सहासात वर्षं आधी मी मिरजेच्या एका कंत्राटदाराकडून जुनी लॉरी घेतली, तिच्यावर लाकडी बाकं बसवली, वर ताडपत्रीऐवजी पत्र्याचा टप केला आणि बेळगाव-निपाणी सर्व्हिस सुरू केली. मोटारीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तिसऱ्याच खेपेला तवंदीच्या घाटात गाडीनं मान टाकली. चौदा उतारू रस्त्याच्या कडेला बसले, ड्रायव्हर पळून गेला आणि मी गाडीकडं बघत उभा राहिलो. तेवढ्यात स्तवनिधीच्या अंगानं एक सडपातळ माणूस पायी येताना दिसला. खांद्यावर पिशवी, पिशवीत पाने आणि हातोडी. तो मूळचा खानापूर तालुक्यातल्या गुंजीचा. बाप रेल्वेच्या रुळांवर गँगमन, हा पोरवयात इंजिनांच्या शेडमध्ये शिकलेला आणि पुढं बेळगावच्या कॅम्पात एका गॅरेजमध्ये काम केलेला. काम सुटलं म्हणून कोल्हापूरला नशीब बघायला चालला होता. त्यानं न विचारता बॉनेट उघडलं. तासाभरात पेट्रोलची नळी काढून फुंकून साफ केली, पाणी ओतलं, पट्टा आवळला आणि हँडल मारून गाडी चालू केली. मी त्याला किती देऊ विचारलं, तर हात पुसत म्हणाला, "गाडी चांगली हाय. मालक चांगला न्हाय."

मी इतका चिडलो की चाक स्वतःच धरून कशीबशी गाडी हाकली आणि त्याला आत घ्यायचंही विसरलो. घरी येऊन वडिलांना हे सांगितलं, तेव्हा ते खूप दिवसांनी मनापासून हसले आणि म्हणाले, त्यालाच ठेव. आठ दिवसांनी कोल्हापुरात शोधून त्याला घेऊन आलो. पगाराऐवजी नफ्यात चार आण्यांचा भाग ठरला.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, गाडी किती वाजता सुटती? मी म्हटलं, भरली की. त्या काळी सगळ्यांच्याच गाड्या भरल्या की सुटत. 'बेळगाव, बेळगाव' असं ओरडत बाजारातून चार फेऱ्या मारायच्या, आत बसलेल्यांना आता सुटते, आता सुटते म्हणून झुलवत ठेवायचं, ही रीतच होती. परशराम म्हणाला, "भरली की म्हंजे किती?" मी बाकं मोजायला लागलो. मग तो म्हणाला, "सात. सात म्हंजे सात. आत येऊन बसला त्यो आपला गिऱ्हाईक. भाईरचा अजून आपला झाला न्हाय. भाईरच्यासाठी आतल्याचा येळ खायाचा न्हाय."

पहिला महिना गाडी चार माणसं घेऊन सुटली. कधी तीन. एकदा तर एक म्हातारी आणि तिची कोंबडी एवढीच उतारू. शेजारच्या सर्व्हिसवाल्याची गाडी आठ-साडेआठला खच्चून भरून निघायची आणि त्याचा माणूस आमच्याकडं बघून दात काढायचा. मी परशरामला समजावलं, दरडावलं, शेवटी हात जोडले. फक्त पंधरा मिनिटं थांब म्हटलं. तो नुसता मान हलवायचा आणि सातला हँडल मारायचा.

आणि सातच्या आधीचा तो एक तास! सहाला यायचा, बॉनेट उघडायचा, एकेक नट हातानं चाचपून बघायचा. मग लाकडाचा दांडका घेऊन चारी चाकांवर ठोके मारायचा आणि कान लावून आवाज ऐकायचा. गाडीला एक पूर्ण वळसा घालायचा. कालच बघितलंस की, असं म्हटलं तर म्हणायचा, काल कालचं बघितलं. संध्याकाळी गाडी परत आली की माझ्यासमोर बसून आज कुठं काय वाजलं, कुठल्या चढाला इंजिनाला कशी धाप लागली हे सांगायचा. मला त्यातलं काही समजत नसे. मी हं हं करायचो. तो ते ओळखायचा, आणि तरीही सांगायचा. मालकाला माहीत पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आता वाटतं, त्या सगळ्या संध्याकाळी मी नीट ऐकलं असतं तर... पण ते आता बोलून काय उपयोग?

तवनाप्पा शेटजींचं प्रकरण त्याच पहिल्या वर्षातलं. तवनाप्पा म्हणजे निपाणीतले मोठे अडत्ये. तंबाखूच्या हंगामात परगावचे व्यापारी, माल पारखणारे, दलाल हे सगळे त्यांच्या शब्दावर चालायचे. ज्या गाडीत तवनाप्पा, त्या गाडीत बाजार. त्यांनी एका सकाळी निरोप पाठवला, मी येतोय, दहा मिनिटं थांबा. निरोप मला मिळाला, मी परशरामला सांगितला. त्यानं ऐकला. सातला गाडी सोडली. गाडीत एक बाळंतीण होती, तिला सिव्हिल हॉस्पिटलात न्यायचं होतं, हे मला नंतर कळलं. पण ती नसती तरी त्यानं सोडलीच असती. तवनाप्पा आले तेव्हा रस्त्यावर फक्त धुरळा होता, आणि धुरळ्यात मी.

त्या हंगामात बाजारातलं एकही माणूस आमच्या गाडीत चढलं नाही. मी माफी मागायला शेटजींच्या पेढीवर गेलो, परशरामला बळंच बरोबर नेलं. तो तक्क्यापासून लांब, दाराशी बसला. शेटजींनी विचारलं, काय रे, चुकलास का न्हाय? मी डोळ्यांनी खुणा करत होतो. परशरामनं एकदा शेटजींकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आप्पा, चुकलं न्हाय त्ये चुकलं म्हनून कसं सांगायचं?" झालं. जे काही सावरायचं होतं ते तिथं संपलं. अशा गोष्टीत पुढं शेटजींना पश्चात्ताप होतो आणि ते हसत गाडीत येऊन बसतात, असं ऐकायला बरं वाटतं. तवनाप्पा कधीही आले नाहीत. आता त्यांची स्वतःची मोटार आहे. शोकसभेला अध्यक्षस्थानी तेच होते.

आम्हांला वाचवलं ते दुसऱ्याच लोकांनी. कोर्टात तारीख असलेले शेतकरी, कॉलेजात शिकणारी मुलं, कलेक्टर कचेरीत अर्ज घेऊन जाणारे, दवाखान्यात दाखवायला नेलेली माणसं. अकराला पुकारा होतो आणि साडेअकराला पोचलं तर सारा खटला पाण्यात, हे ज्याला ठाऊक आहे तो आठच्या भरलेल्या गाडीत बसत नाही. बेळगावच्या वकिलांचे कारकूनच पक्षकारांना सांगायला लागले, सातच्या मोटारीनं या. वर्ष-सव्वा वर्षात गाडी भरून जायला लागली. लोक साडेसहालाच येऊन बसायचे. ही माणसं मी शोधली नव्हती, परशरामनंही शोधली नव्हती. ज्यांना पोचायचंच असतं, ती आपली वाट शोधत आली. मग मला वाटलं, आता तरी हा जरा सैल सोडेल. पण गाडीच्या सरकारी पासावर अठरा माणसं लिहिली होती. एकोणिसावं माणूस त्यानं कधी घेतलं नाही. माझा सख्खा मेहुणा एकोणिसावा होता, त्यालाही ठेवून गेला. माझ्या बायकोनं मग पंधरा दिवस मला धड जेवायला वाढलं नाही.

एका बाबतीत मात्र तो चुकला होता, आणि मी आजही तेच म्हणतो. टपावर तंबाखूची बोदं, ती गच्च बांधलेली गाठोडी, न्यायला त्यानं कायम नकार दिला. माणसांच्या गाडीत माल नको, वजनानं स्प्रिंगा बसतात, हे त्याचं पालुपद. शेजारच्यानं माल नेला, त्यावर त्याचा धंदा उभा राहिला. माल नेण्यासाठी वेगळी लॉरी घेऊ म्हटलं, तर तिला कोण बघणार म्हणाला. 'कोण बघणार' या दोन शब्दांपुढं आमचा धंदा दरवेळी येऊन अडायचा. नीट चालवायच्या सवयी त्याच्याकडं होत्या. वाढवायची वेळ आली की तो अंग चोरायचा.

दुसरी गाडी घेतली ती मीच हट्टानं. एक निपाणीहून सातला निघेल, एक बेळगावहून सातला, असा बेत होता. त्यानं अट घातली, नव्या ड्रायव्हरला सहा महिने माझ्याबरोबर बसू दे. हंगाम तोंडावर आला होता. सहा आठवड्यांतच मी त्या ड्रायव्हरच्या हाती गाडी दिली. परशराम त्या वेळी बेळगावला होता, त्याला विचारलं नाही. पाचव्या दिवशी तवंदीच्या उतारावर ब्रेक लागला नाही. ड्रायव्हरनं घाबरून गाडी डोंगराच्या बाजूला घातली म्हणून निभावलं. कुणी दगावलं नाही. पण पुढच्या बाकावर बसलेल्या एका शाळामास्तरांचा पाय मांडीत मोडला, आणि तो पुढं कधी सरळ झाला नाही.

परशरामनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. त्यानं भर हंगामात दोन्ही गाड्या आठ दिवस बंद ठेवल्या आणि स्टँडवर, सगळ्यांच्या देखत, चाकं काढून ठेवली. मी म्हटलं, परशराम, ही काय आपली अब्रू चव्हाट्यावर मांडतोस? निदान वखारीच्या मागं नेऊन तरी कर. तो गाडीखालूनच बोलला, "मोडली त्ये लोकांस्नी दिसलंया. आता बघालोय त्ये बी दिसू दे." त्यानंतर मास्तरांच्या पायाचं हाड जुळेपर्यंत दर सोमवारी तो त्यांच्या घरी जाऊन बसायचा. मी दोनदा गेलो. तिसऱ्यांदा माझा पाय उचलला नाही.

पुढं युद्ध लागलं. पेट्रोलचं रेशनिंग झालं, गाड्यांना मागं कोळशाच्या गॅसच्या टाक्या जोडाव्या लागल्या. गॅसवरची गाडी घाट चढेना. परशरामनं अठराचे बारा उतारू केले, आणि त्या बारांनाही घाटात उतरून चालायला लावलं. सातला सुटायचं तर पाचला भट्टी पेटवायला लागायची, म्हणून तो पाचला यायला लागला. सामान मिळेना. त्या काळात शेजारच्याच्या गाड्या एकेक करून बसल्या. आमच्या चालल्या, कारण परशरामनं आधीच्या सात-आठ वर्षांत जुन्या बाजारातून जमा केलेल्या स्प्रिंगा, नळ्या, दात्यांची चाकं, बेअरिंगं असं सामान दोन पेट्या भरून होतं. ह्या भंगारापायी मी त्याच्याशी कितीदा भांडलो होतो याला गणती नाही. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. पेटीतून एकेक वस्तू काढताना माझ्याकडं नुसतं बघायचा. ते बघणं मला शोकसभेतल्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त आठवतं, आणि अजून झोंबतं.

याच काळात दुंडाप्पा आमच्याकडं आला. चांगला, शांत ड्रायव्हर. त्याला परशरामनं गाडी चालवायला शिकवली, ठोके मारून चाकांचा आवाज ऐकायला शिकवलं. पण इंजिन उघडायचं म्हटलं की दुंडाप्पाला पाने धरायला उभा करायचा आणि हात स्वतः घालायचा. दोन्ही गाड्या हत्तरगीजवळ समोरासमोर यायच्या, तेव्हा आपली गाडी थांबवून दुसरीचं बॉनेट हा उघडून बघायचा. लोक चहा पीत उभे. निपाणीत बसून मला ते चहाचे पेले दिसायचे आणि जीव कासावीस व्हायचा. एक माणूस दोन गाड्यांना पुरा पडत होता तो असा, रस्त्यातच. तिसरीला कसा पडला असता?

युद्ध संपलं. सैन्याच्या गाड्या लिलावात निघाल्या. सरकार पुढं-मागं सगळी सर्व्हिसच ताब्यात घेणार, रस्ते नव्यानं वाटणार, अशी कुजबुज सुरू झाली. ज्याच्याकडं चार गाड्या असतील त्याला कुणी विचारेल, दोनवाल्याला कोण पुसतो? मी परशरामला न विचारता दोन लष्करी ट्रक घेतले आणि बेळगावजवळ पिरनवाडीला, जिथं दुसरी गाडी आल्यापासून तो बिऱ्हाड करून होता, त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन उभे केले. त्यानं त्यांना एक वळसा घातला. चाकांवर दांडका मारला. मग म्हणाला, "चार गाड्या चालवाय चार परसू न्हाईत आप्पा."

मला राहवलं नाही. चौदा वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. मी म्हटलं, का न्हाईत? कुणी करायचे होते ते? सात म्हणजे सात, अठरा म्हणजे अठरा, रोज बॉनेट उघडायचं, सगळं तू धरलंस. एक सवय तेवढी तुला लागली नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची. तुला वाटतं तुझ्याशिवाय कुणाला ऐकू येत नाही. उद्या तू आडवा पडलास तर मी काय करू, दांडका घेऊन बसू?

त्याची बायको तानूवैनी चहा घेऊन आली होती, ती दारातच थबकली. परशरामनं तिच्या हातातून पेला घेऊन माझ्यापुढं ठेवला. "त्ये खरं हाय," एवढंच म्हणाला. मी चहा न पिता निघालो. नंतर महिनाभर आम्ही कामापुरतं बोललो. मग ताप, मग छातीत कफ, न्यूमोनिया... आणि ती उशिरा आलेली गाडी.

बाराव्यानंतर मी पिरनवाडीला गेलो. म्हटलं, ट्रकांचं काय ते बघू. विकून टाकावेत असंच मनात होतं. तानूवैनी मला शेडकडं घेऊन गेली. एक ट्रक तयार होता. बाकं बसवलेली, टप रंगवलेला. मला काही उमगेना. वैनी म्हणाली, "तुमी भांडून गेलासा, त्येच्या दुसऱ्या दिसापास्नं रोज सांजच्याला दुंडाप्पाला बोलावून घेत हुते. स्वता बाजूला बसायचे. हात लावायचे न्हाईत. त्यो चुकला तर नुसतं न्हाय म्हनायचे, आनि परत उघडाय लावायचे." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, "झाल्यावर सांगनार हुते."

दुसरा ट्रक शेडच्या कोपऱ्यात दगडांवर चढवून ठेवला होता. त्याचा गिअरबॉक्स खाली काढलेला, आणि जमिनीवर अंथरलेल्या पोत्यावर त्याचे सगळे भाग ओळीनं मांडलेले. लहान-मोठी दात्यांची चाकं, दांडे, चकत्या, स्क्रू, सगळं रॉकेलनं धुऊन पुसलेलं. कितीतरी वस्तू, एकीपुढं एक. दुंडाप्पानं सांगितलं, ब्रेक आणि इंजिनापर्यंत शिकवून झालं होतं. गिअरबॉक्स उघडून मांडला त्या दिवशी अण्णांना थंडी वाजून आली. उद्या बसवू म्हणाले. या ओळी कुठून सुरू करायच्या, डावीकडून की उजवीकडून, तेवढं सांगायचं राहिलं.

मी तिथंच पोत्याच्या कडेला बसलो. इतका वैताग मला त्याच्या हयातीतही कधी आला नव्हता. महिनाभर आधी सुरुवात केली असती तर, वर्षभर आधी केली असती तर... आणि मी ते महिनाभर आधी बोललो असतो तर? पहिल्या दिवशी त्यानं मला तोंडावर सांगितलं तसं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. चौदा वर्षं नुसता कुरकुरत राहिलो.

कॅम्पातला एक मिस्त्री येऊन बघून गेला. दोन दिवसांत बसवून देतो म्हणाला. तानूवैनीनं माझ्याकडं बघितलं. मी मिस्त्रीला परत पाठवला, आणि हे शहाणपण होतं असं मी म्हणणार नाही, कारण उभा ट्रक म्हणजे गंजणारं लोखंड, हे परशरामच पहिल्यांदा म्हणाला असता. तेव्हापासून दर रविवारी मी आणि दुंडाप्पा पोत्यासमोर बसतो. वैनी कंदील लागण्याआधी चहा देते आणि उरलेल्या भागांवर जुनं लुगडं झाकते. वयाच्या पन्नाशीला मी पहिल्यांदा ग्रीसमध्ये हात घातला. नखांतलं काळं आठवडाभर जात नाही, बायको नाक मुरडते. दोनदा जोडून झालं. पहिल्यांदा एक चकती उरली, दुसऱ्यांदा उरलं काहीच नाही, पण दांडा फिरेना. दुंडाप्पा म्हणतो, कुठंतरी मधेच चुकालंय. येत्या रविवारी पुन्हा सगळं उघडायचं आहे.